शाळेसाठी घेतलेला खादीचा तिरंगा, वापरून झाल्यावर लिहितोय

आमच्या झेडपी शाळेसाठी गावात वर्गणी करून औंदा खादीचा तिरंगा आणला, नागपूरच्या खादी भांडारातून, साईज १३५० बाय ९०० मिमी म्हणजे जवळपास साडेचार बाय तीन फूट. १५ ऑगस्टलाही चढवला, २६ जानेवारीलाही, म्हणून आता खात्रीनं सांगतो, घ्याच.

झेंडा हुबळीजवळच्या बेंगेरीचा आहे, आयएसआय मार्कवाला. हातात घेतला की कापडाचा पोतच वेगळा लागतो. काठाची पट्टी जाड कापडाची, तिच्यातून दोरी ओवलेली आणि वरच्या टोकाला लाकडाची गुल्ली, त्यामुळे केशरी बाजू वर कोणती हा घोळच होत नाही. चक्र दोन्ही बाजूनं छापलेलं आहे पण उजेडात धरलं तर आऱ्यावर आरा बसतो, एक सूतभरही सरकलेलं नाही. पोट्ट्यांनी बोट ठेवून मोजले, बरोबर २४.

आधीचा पॉलिस्टरचा होता, तालुक्याच्या बाजारातून घेतलेला. नियमात बसते ते, ३० डिसेंबर २०२१ पासून पॉलिस्टर आणि मशीनचा झेंडा चालतो, पण त्याचं चक्र लांबट अंड्यासारखं होतं अन् हिरवा रंग एका पावसात फिका. झेंड्याचं असं पाहून मले तर फार वाईट वाटलं.

महाग आहे, हे खरं. मीटिंगमध्ये एकानं विचारलंच, एवढे पैसे काहून? मंग गुरुजींनी १९२३ चं सांगितलं. याच नागपुरात सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला इंग्रजांनी बंदी केली होती, १ मे पासून सत्याग्रह सुरू झाला, पुढारी आपल्या वर्ध्याचे जमनालाल बजाज, ते स्वतः जेलमध्ये गेले, देशभरातून लोक येत गेले अन् अटक होत गेले, शेवटी १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच रस्त्यानं गेली. तेव्हाचा झेंडा आजच्यासारखा नव्हता बरं, वर पांढरा, मधात हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा. केशरी-पांढरा-हिरवा १९३१ मध्ये ठरला आणि चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र २२ जुलै १९४७ ला आलं. चरखा कापडावरून गेला पण खादीच्या झेंड्याचं सूत हातानंच कातलेलं राहिलं, मले वाटते वर्गणीचे पैसे यासाठीच द्यावे. त्यानंतर कोणी काही बोललं नाही.

कमी एवढंच की पावसात भिजला की जड होतो, थोड्या हवेत फडकत नाही. उतरवल्यावर सावलीत नीट वाळवा मगच घडी घाला, केशरी अन् हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडून, चक्र वर दिसलं पाहिजे. आणि ऑगस्ट लागला की दुकानात गर्दी होते, मोठी साईज लवकर संपते, जुलैतच आणून ठेवा.