पिग्मीत साठवून फेडायचं, की थेट कर्जखात्यात भरायचं?

घरकर्जाचा हप्ता तर जातोच. प्रश्न असतो तो त्यावरच्या पैशांचा. काटकसर करून दिवसाला शंभर रुपये मागे पडले, तर ते ठेवायचे कुठे? बेळगावात निम्म्या लोकांचं उत्तर ठरलेलं असतं: पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे घरी येऊन नेणारी बचत ठेव. वर्षभर रोज भरायची आणि वर्ष संपलं की ती रक्कम उचलून कर्जात टाकायची. दुसरा रस्ता म्हणजे महिन्याच्या महिन्याला, जमेल तेवढे, सरळ कर्जखात्यात. मी दोन वर्षं पिग्मी करून बघितली आणि आता वर्ष होत आलं, थेट भरतोय. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या वर्कशॉपमधल्या दोघांनी यंदा घर घेतलं. तेही हेच विचारत होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भिशी मी यात धरलेली नाही. तिचा लिलाव, तिची माणसं, सगळं वेगळं. शिवाय कर्ज फेडायला भिशी लावलेला आणि ती खरंच कर्जातच भरलेला माणूस माझ्या ओळखीत नाही.

शंभर रुपये आले कुठून, तेही सांगतो, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. बायको खडेबाजारात साडीच्या दुकानात हिशेब बघते. जून २०२३ मध्ये कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट करणारी शक्ती योजना आली आणि तिचं बसचं भाडं सुटलं, दिवसाचे तीसेक रुपये. त्याच वर्षी ऑगस्टपासून गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेचं शून्य बिल यायला लागलं. ते २०० युनिटच्या आत असलं तरी तुमच्या आधीच्या सरासरीपेक्षा दहा टक्के जास्तीपर्यंतच फुकट मिळतं, म्हणून आम्ही गीझर घेतला नाही, अंघोळीचं पाणी अजून बंबावरच तापतं. वडगावहून उद्यमबागेला मी सायकलने जातो. जोंधळे वर्षाचे एकदम सासुरवाडीहून, बैलहोंगलकडून येतात. किराणा महिन्यातून एकदा रविवार पेठेतून. यातलं काहीच मोठं नाही, पण सगळं मिळून महिन्याला तीन हजार पडतात.

आणि घाई का, तर २०२१ साली कर्ज घेतलं तेव्हा व्याजदर तळाला होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. आमचा हप्ता तेवढाच राहिला, म्हणून आम्ही निवांत होतो. एके दिवशी स्टेटमेंट काढलं तर वीस वर्षांचं कर्ज सत्तावीस वर्षांवर गेलेलं. माझ्या रिटायरमेंटच्या पलीकडे. तो कागद घेऊन आम्ही दोघं स्वयंपाकघरात किती वेळ बसलो होतो, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा का मुदत, ही निवड बँकेने कर्जदाराला द्यायलाच हवी. ते चांगलं झालं, पण आमची मुदत त्याआधीच लांबली होती. ती मागे आणायची तर जास्तीचं मुद्दल भरणं एवढंच हातात होतं.

आता पिग्मीबद्दल. मला तिच्याबद्दल मनापासून आदर आहे. विणकरांना आधार म्हणून १९२५ साली उडुपीत निघालेल्या बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने, १९२८ साली ही योजना काढली. रोज दोन आणे, तेही घरी येऊन न्यायचे. आमच्या वडगाव-शहापुरातल्या मागवाल्या विणकरांच्या घरांत ती का रुजली, हे सांगायला नको. पिग्मीवाले मामा संध्याकाळी सातच्या सुमाराला दारात यायचे. "वहिनी, आज किती?" असं विचारायचे आणि मशीनमधून चिट्ठी फाडून हातात द्यायचे. दारात माणूस उभा असला की पैसे आपोआप निघतात. बसभाड्याचे वाचलेले तीस रुपये त्याच संध्याकाळी घरातून गेले, की ते भाजीत किंवा वडापावात मिसळत नाहीत. ही शिस्त मला कुठल्याच ॲपने लावली नाही. ज्याचा पगार रोजचा किंवा आठवड्याचा आहे, त्याने पिग्मीला हलकं समजू नये.

पिग्मीवर व्याज जेमतेम मिळतं. वर्षाच्या आत काढली तर माझ्या सोसायटीत, म्हणजे जिथे पिग्मी होती त्या पतसंस्थेत, तेही मिळत नव्हतं, उलट कपात होती. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. वर्षाला तीस-पस्तीस हजारांसाठी मी त्याची फार काळजी केली नाही, पण तुम्ही तीन वर्षांची पिग्मी करणार असाल तर विचार करा.

थेट भरण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. समजा १८ लाखांचं कर्ज, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता १५,६२१ रुपये. पहिल्या हप्त्यातले १२,७५० व्याजात जातात आणि मुद्दल सुटतं फक्त २,८७१. म्हणजे त्याच महिन्यात वरून साधारण २,९०० रुपये भरले, की शेवटचा १५,६२१ चा एक अख्खा हप्ता गळतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा आकडेमोड केली. सुरुवातीपासून दर महिन्याला तीन हजार वरून भरले तर २४० हप्त्यांचे १६४ होतात आणि व्याजाचे सात लाखांच्या आसपास वाचतात. बदलत्या दराचं घरकर्ज असेल तर असं भरायला २०१२ पासून बँका दंडही लावू शकत नाहीत.

पण नीट बघितलं तर हा फायदा पिग्मीतही आहेच, फक्त वर्षाअखेर. महिन्याला तीन हजार आणि वर्षाला एकदम छत्तीस हजार, यात वर्षाकाठी व्याजाचा फरक येतो चौदाशेच्या घरात. त्यातून पिग्मीचं व्याज वजा केलं तर आणखी कमी. त्यामुळे नुसत्या आकड्यांवर कुणी पिग्मी सोडावी असं मी म्हणणार नाही. मीही त्यासाठी सोडली नाही.

सोडली ती मुदत भरल्यावरच्या खेपांमुळे. दुसऱ्या वर्षी मधेच मामा बदलले, नवीन मुलगा यायला लागला. वर्ष भरल्यावर सोसायटीत गेलो तर पासबुकात आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर २,७०० रुपयांचा फरक. माझ्याकडे सगळ्या चिट्ठ्या होत्या, बायकोने त्या महिन्यावार दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या. पण मशीनच्या कागदावरची शाई उडते. जानेवारीची गड्डी जवळजवळ कोरी झाली होती, उजेडात तिरकी धरली तरच आकडा दिसायचा. काउंटरवरचा माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सेक्रेटरी नाहीत, सोमवारी या." सोमवारी गेलो तर नवीन मुलगा रजेवर. तिसऱ्या खेपेला जुळलं, पैसे पूर्ण मिळाले, एक रुपयाही बुडाला नाही. पण हातात आला तो चेक. तो आधी बचत खात्यात, मग बँकेत जाऊन कर्जात. सगळं मिळून एकोणीस दिवस गेले.

आमची शिफ्ट साडेपाचला सुटते आणि सोसायटीचं काउंटर चारला बंद होतं. म्हणजे प्रत्येक खेपेला अर्धा दिवस रजा. आमच्याकडे महिनाभर पूर्ण हजेरी लागली तरच हजेरी बोनस मिळतो, पहिल्याच अर्ध्या दिवसात तो गेला. घरी येऊन पगाराच्या चिट्ठीवर बघितलं: तीन अर्धे दिवस आणि बोनस मिळून जेवढे गेले, तेवढं पिग्मीचं वर्षाचं व्याजही नव्हतं. बायको म्हणाली, "अहो, वर्षभर तीस-तीस रुपये वाचवायचे आणि ते आणायला जाऊन घालवायचे, याला काय अर्थ?" तिथेच ठरलं.

आता पगाराच्या दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवरून तीन हजार कर्जखात्यात टाकतो. कर्जखात्याचा नंबर लाभार्थी म्हणून एकदा जोडावा लागला, बस. सुरुवातीला एक मात्र जरूर तपासा. जास्तीची रक्कम मुद्दलातून वजा होते, की पुढच्या हप्त्याचा ॲडव्हान्स म्हणून पडून राहते? माझ्या बँकेत मुद्दलातून जाते आणि मुदत आपोआप घटते, पण सगळीकडे तसंच असेल असं नाही. वर्षाअखेर एकरकमी भरायला शाखेत गेलात तर तिथे विचारतील, "कंतु कडिमे ना, अवधि कडिमे ना?" म्हणजे हप्ता कमी करायचा, की मुदत? पहिल्या वर्षी मी गडबडीत नुसती मान हलवली आणि छत्तीस हजार भरून हप्ता तीनशे रुपयांनी कमी झाला, मुदत आहे तिथेच. हप्ता नको, अवधी कमी करा, असं स्पष्ट सांगा आणि अर्जावर तसं लिहूनच द्या.

थेट भरण्यात एक खरी अडचण आहे आणि ती लपवणार नाही. कर्जात गेलेला पैसा परत येत नाही. तुमचं कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं, म्हणजे जास्तीचे भरलेले पैसे परत काढता येणारं, असेल तर गोष्ट वेगळी, पण आमच्यासारख्या साध्या कर्जात टाकलेले तीन हजार उद्या आई आजारी पडली म्हणून काढता येत नाहीत. पिग्मीवर निदान हातउसनं कर्ज तरी मिळतं. घरात दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला नसेल, तर आधी तो उभा करा, आणि त्यासाठी पिग्मी उत्तमच. ज्यांना दिवसा सवड असते, दुकान आहे, सोसायटी शेजारच्या गल्लीत आहे, त्यांना माझी तक्रार कदाचित लागूही पडणार नाही. पण शिफ्टला जाणारा, मोबाइलवर पगार घेणारा माणूस मला विचारेल, तर मी थेटच भर म्हणेन.

पिग्मी आम्ही पूर्ण बंद केलेली नाही. रोजचे वीस रुपये चालू आहेत, जूनमधल्या शाळेच्या फीसाठी. चिट्ठी आली की बायको त्याच रात्री आकडा वहीत उतरवून ठेवते.