टिकाऊ फोटोप्रिंट घरीच काढायच्या असतील तर कोणता प्रिंटर घ्यावा?

भिंतीवर वर्षानुवर्षं लावून ठेवली तरी रंग उडू नये अशी प्रिंट घरी काढायची असेल, तर पिगमेंट शाईचा प्रिंटर घ्या आणि आठवड्यातून एकदा तरी तो चालवा. यातलं दुसरं जमणार नसेल तर पहिलं करू नका. फोटो किंवा चित्रांसाठी प्रिंटर निवडताना बहुतेक चर्चा डीपीआय (इंचाला किती ठिपके) आणि वेगाभोवती फिरते. चांगल्या फोटो प्रिंटरांमध्ये या दोन्ही बाबी केव्हाच पुरेशा झाल्या आहेत. खरा फरक शाईचा प्रकार, कार्ट्रिजमध्ये मावणारी शाई आणि कागद आत जायचा मार्ग यांत आहे.

डाय शाईत रंग द्रावणात पूर्ण विरघळलेला असतो. कागदावर पडल्यावर त्याचे रेणू सुटे राहतात, आणि प्रकाश व हवेतला ओझोन त्यांना एकेक करून मोडतात. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. एका कणात असंख्य रेणू असतात, त्यामुळे बाहेरचा थर झिजला तरी आतला रंग शिल्लक राहतो. ग्लॉसी कागदावर डायचे रंग जास्त तजेलदार दिसतात, चकाकी सलग राहते, हेडही (शाई फवारणारा भाग) कमी तुंबतं. पण झटपट सुकणाऱ्या मायक्रोपोरस (सूक्ष्म छिद्रांचा लेप असलेल्या) फोटो पेपरवर डाय शाई उघडी राहिली, तर उन्हाचा कवडसाही न पडता फक्त हवेने ती फिकी पडते. काचेमागे हा त्रास बराच कमी होतो.

म्हणून डायचा प्रिंटर टाकाऊ समजू नये. अल्बम, भेटकार्डं, वर्षा-दोन वर्षांनी बदलायच्या प्रिंट यांसाठी आठ शायांचा कॅनन पिक्स्मा प्रो-२०० उत्तम आहे. प्रिंट भरपूर काढायच्या आणि शाईचा खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर एप्सनचा टाकीवाला ईटी-८५५० बघावा. त्यात शाई बाटलीतून ओततात, ए३ प्लस कागद चालतो आणि मागच्या सरळ मार्गाने १.३ मिमी जाडीपर्यंतचा कागदही जातो. त्यात सहा शाया आहेत, त्यांपैकी एक ग्रे आहे; पण फिकट सायन (निळसर) आणि फिकट मॅजेंटा (गुलाबी) नाहीत. विकायच्या किंवा प्रदर्शनात लावायच्या प्रिंटसाठी मात्र तो घेऊ नका. पोस्टकार्ड आकाराचेच फोटो हवे असतील तर कॅनन सेल्फीसारखा डाय-सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेने रंग कागदावर उतरवणारा, प्रिंटर पुरतो. तो रंगाच्या तीन थरांवर एक पारदर्शक संरक्षक थर चढवतो, त्यामुळे बोटांचे ठसे आणि पाण्याचे थेंब पुसता येतात. शिवाय तो महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही, कारण त्यात नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक छिद्रं, नसतातच. लेझर प्रिंटरचा विचार या कामासाठी करूच नये.

वर्षांचे आकडे कसे वाचायचे

"शंभर वर्षं टिकेल" या दाव्यामागची अट आधी वाचा. विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था काचेमागच्या प्रिंटसाठी दिवसाला १२ तास ४५० लक्स (उजेडाचं माप) प्रकाश धरते. कोडॅकने आपल्या हिशोबात १२० लक्स धरले होते. केवळ या फरकामुळे एकीकडे ४० वर्षांची ठरणारी प्रिंट दुसरीकडे १५० वर्षांची होते. अल्बममधल्या अंधारात ठेवलेल्या प्रिंटचा आकडा तर आणखी मोठा असतो, आणि जाहिरातीत नेमका तोच झळकतो. तुलना करताना एकाच संस्थेचे, एकाच अटीखालचे आणि त्याच कागदावरचे आकडे शेजारी ठेवा. शाई तीच राहूनही कागद बदलला की आकडा बदलतो.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक चाचणीही आहे. रंगपट्ट्यांची एकच फाइल दोन-तीन कागदांवर छापा, प्रत्येकीचा अर्धा भाग जाड काळ्या पुठ्ठ्याने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीत तीन महिने लावून ठेवा. किती वर्षं टिकेल ते यातून कळणार नाही. शाई-कागदाची कुठली जोडी आधी फिकी पडते ते मात्र निःसंशय कळेल.

पिगमेंटमध्ये निवड

घरात मावणाऱ्या यंत्रांत खरी स्पर्धा एप्सनचे शुअरकलर पी७०० व पी९०० आणि कॅननचे इमेजप्रोग्राफ प्रो-३०० व प्रो-१००० यांच्यात आहे. प्रो-१००० ची जागा घेणारा प्रो-११०० २०२४ मध्ये आला. पी७०० आणि प्रो-३०० ए३ प्लसपर्यंत, म्हणजे ३२९ × ४८३ मिमी छापतात. पी९०० आणि प्रो-१००० १७ इंच रुंद कागद घेतात, म्हणजे ए२ आरामात.

मॅट आर्ट पेपर हेच मुख्य काम असेल तर माझं मत पी९०० ला. त्याच्या दहा शायांत ग्रे, लाइट ग्रे आणि व्हायोलेट आहेत. व्हायोलेटमुळे गडद निळे-जांभळे रंग खुलतात. जलरंगांच्या प्रती काढणाऱ्यांना हा फरक लगेच दिसतो. मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक यांना स्वतंत्र नोझल आहेत. जुन्या पी८०० मध्ये ग्लॉसीवरून मॅटवर जाताना काळी शाई बदलावी लागे आणि प्रत्येक वेळी शाई वाया जाई, ती कटकट संपली. पुढच्या सरळ मार्गाने १.५ मिमी जाडीचा बोर्ड जातो, पण त्यासाठी प्रिंटरच्या मागे जागा मोकळी सोडावी लागते. भिंतीला चिकटवून ठेवलात तर या सोयीचा उपयोग नाही. रोलचा अडॅप्टर पी९०० ला वेगळा घ्यावा लागतो, पी७०० मध्ये तो आधीपासून असतो.

ग्लॉसी आणि लस्टर (मंद चमकीच्या) कागदावर कॅननची बाजू वरचढ आहे. पिगमेंट शाई कागदाच्या वरच्या थरावर बसते, त्यामुळे शाई कमी पडलेले पांढरे भाग आणि शाई भरपूर असलेले गडद भाग वेगवेगळे चमकतात. प्रिंट तिरकी धरली की हे दिसतं, आणि एकदा दिसलं की नजर तिथेच जाते. प्रो-३०० आणि प्रो-१००० दोन्हींत क्रोमा ऑप्टिमायझर नावाचं पारदर्शक द्रव्य आहे, ते ही चमक एकसारखी करतं. एप्सनच्या या दोन यंत्रांत तसं काही नाही. प्रो-१००० मध्ये याखेरीज अकरा शाया आहेत. कागद ओढून सपाट धरणारी हवेची व्यवस्था आहे, आणि हेड मेलं तर ते घरीच बदलता येतं. तो सुमारे ३२ किलोचा आहे. दोन माणसांशिवाय उचलू नका आणि टेबल डगमगतं असेल तर ठेवूही नका. पी९०० साधारण १५ किलोचा आहे.

कृष्णधवल छपाईत पी९०० आणि प्रो-१००० दोन्ही उत्तम आहेत, कारण दोन्हींत काळ्याखेरीज राखाडीच्या दोन छटा आहेत. प्रो-३०० मध्ये एकच ग्रे आहे. प्रिंट वाईट येते असं नाही, पण धुक्यातल्या आकाशासारख्या फिकट, सलग उतरत्या छटांत फरक दिसू शकतो.

शाईचा हिशोब खरेदीआधीच करा. प्रो-३०० च्या दहा कार्ट्रिजमध्ये प्रत्येकी १४.४ मिलि, म्हणजे एकूण १४४ मिलि शाई. पी७०० मध्ये २५ मिलिची दहा, एकूण २५० मिलि. पी९०० मध्ये ५० मिलिची दहा, ५०० मिलि. प्रो-१००० मध्ये ८० मिलिची बारा, ९६० मिलि. चित्र किती गडद आहे त्यावर खर्च बदलतो, पण ढोबळमानाने चौरस मीटरला १० ते १५ मिलि धरा. ए३ प्लसच्या एका प्रिंटला सुमारे १.६ ते २.४ मिलि, ए२ ला अडीच ते पावणेचार मिलि. हेडच्या सफाईत जाणारी शाई यात धरलेली नाही. छोटी कार्ट्रिज दर मिलिलिटरला महाग पडतात, म्हणून यंत्र स्वस्त दिसलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या संचानंतर चित्र पालटतं. नव्या यंत्रासोबत आलेल्या शाईपैकी बराच भाग पहिल्यांदा नळ्या आणि हेड भरण्यातच जातो, तो छपाईच्या हिशोबात घेऊ नका. सफाईची शाई जिथे साठते तो मेंटेनन्स बॉक्स आपला आपल्याला बदलता येतो का, हेही विचारा. पी७००, पी९०० आणि प्रो-१००० मध्ये येतो.

दुसऱ्या कंपनीची स्वस्त शाई टाकली की टिकाऊपणाचे सगळे आकडे आणि कागदाचे सगळे प्रोफाइल (त्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणाऱ्या फाइली) रद्द झाले असं समजा. टिकाऊ प्रिंट हाच हेतू असेल तर यात बचत नाही.

हेड तुंबणं

पिगमेंट प्रिंटर वापराने जितके खराब होतात त्याहून जास्त न वापरल्याने होतात. नोझलच्या तोंडाशी पाणी उडून जातं आणि कण घट्ट बसतात. खोलीतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली गेली की हे फार लवकर होतं; ४० ते ६० टक्के ठीक. प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा. भिंतीवरच्या स्विचने वीज तोडली तर हेड टोपणावर बसायच्या आतच थांबतं आणि रात्रभर उघडं राहतं. आठवड्यातून एकदा सगळे रंग, विशेषतः लाइट ग्रे आणि पिवळा, वापरले जातील असं एक छोटं चित्र छापा. नुसत्या नोझल चेकमध्ये (चाचणीच्या रेषा छापण्यात) शाई इतकी कमी वाहते की तेवढ्याने भागत नाही.

रेषा तुटल्या दिसल्या तर एकदा साधी सफाई करा आणि पुन्हा नोझल चेक काढा. सुधारणा असेल तर आणखी एकदा. त्यानंतरही भोकं राहिली तर थांबा, प्रिंटर सहा ते बारा तास तसाच ठेवा. टोपणातल्या ओलाव्याने घट्ट झालेली शाई मऊ होते. लागोपाठ पाच-सहा वेळा सफाई केली की शाईची नासाडी होते आणि नळीत हवा शिरून आधी चालणारे नोझलही बंद पडतात. पॉवर क्लीनिंग, म्हणजे भरपूर शाई खाणारी जोरदार सफाई, हा अगदी शेवटचा उपाय.

महिन्याला चार-पाच प्रिंटही निघणार नसतील तर चांगल्या लॅबमधून पिगमेंट प्रिंट करून घेणं स्वस्त आणि कमी तापदायक. हे प्रिंटर विकणारा सांगत नाही.

कागद

अर्धा टिकाऊपणा इथे आहे. शंभर टक्के कापसाचा, आम्लरहित आणि ऑप्टिकल ब्राइटनर नसलेला कागद घ्या. ब्राइटनर अतिनील किरणं शोषून निळसर प्रकाश परत टाकतात, म्हणून कागद शुभ्र दिसतो. काही वर्षांत ते निकामी होतात आणि शाई शाबूत असूनही प्रिंट पिवळट दिसते. ओळखायला नोटा तपासायचा अतिनील दिवा पुरेसा आहे: अंधारात कागद निळा चमकला तर त्यात ब्राइटनर आहेत. मॅटसाठी हानेम्यूलेचा ३०८ जीएसएमचा (चौरस मीटरला ग्रॅम) फोटो रॅग आणि अर्धचमकदारसाठी कॅन्सन इन्फिनिटीचा ३१० जीएसएमचा प्लाटिन फायबर रॅग, या दोघांपासून सुरुवात केली तर निराशा होणार नाही. साध्या आरसी (रेझिन-कोटेड) फोटो पेपरवर प्लास्टिकचा थर असतो; सराव प्रिंटसाठी तो छान.

कापसाच्या कागदावर सुटे तंतू असतात. छापण्याआधी मऊ रुंद ब्रशने कागद झटका, नाहीतर तंतूवर शाई पडते, नंतर तो गळतो आणि काळ्या भागात पांढरा ठिपका उरतो. छापायची बाजू कळत नसेल तर कोपऱ्याला किंचित ओलं बोट लावा. लेप असलेली बाजू चिकटते. कडा वाकलेल्या असतील तर हेड घासून काळे ओरखडे उठतात. अशा वेळी कागद उलट दिशेने हळुवार वाकवून सपाट करा, सेटिंगमध्ये हेड आणि कागद यांतलं अंतर वाढवा आणि एका वेळी एकच कागद घाला.

रंग जुळत नसतील तर प्रिंटरला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, स्क्रीनची प्रखरता. प्रिंट काळपट येते अशी तक्रार बहुतेक वेळा स्क्रीन फार उजळ असल्यामुळे असते. ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर आणा. दुसरी, रंगांचं नियंत्रण दोन ठिकाणी चालू असणं. छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचा आयसीसी प्रोफाइल निवडला असेल तर ड्रायव्हरमधलं कलर मॅनेजमेंट बंद करा. दोन्ही चालू राहिली तर प्रिंटवर परका रंग चढतो, बहुधा गुलाबीसर. ड्रायव्हरमधला कागदाचा प्रकार प्रोफाइलसोबतच्या सूचनेत दिला असेल तोच ठेवा, कारण किती शाई पडेल आणि कुठली काळी वापरली जाईल ते त्यावरून ठरतं. मॅट कागदावर ग्लॉसीचं सेटिंग राहिलं तर काळा रंग करडा आणि मरगळलेला येतो.

प्रिंट निघाल्यावर हाताला कोरडी लागली तरी किमान २४ तास उघड्यावर सपाट ठेवा. शाईतले ग्लायकॉलसारखे द्रव हळूहळू उडतात. आरसी कागदात ते जास्त काळ अडकतात आणि घाईने फ्रेम केली तर काचेच्या आतून धुरकट पडदा धरतो. काच आणि प्रिंट यांच्यात आम्लरहित माउंटबोर्डाची चौकट हवी. प्रिंट काचेला टेकली तर दमट हवेत चिकटते आणि सोडवताना लेप निघतो. अतिनील रोखणारी काच महाग असते, पण ती लावूनही थेट ऊन पडणारी भिंत टाळा. मागच्या बाजूला शाई, कागद आणि तारीख लिहायची तर पेन्सिलने, कोपऱ्यात, दाब न देता.