थायरॉईडची गोळी: डुकराच्या ग्रंथीतली की कारखान्यातली?

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रश्न पडतो तो साधारण असा. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईड कमी काम करत असेल तर वाढणारं संप्रेरक) वाढलेला निघाला, डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कारखान्यात बनवलेलं थायरॉईडचं संप्रेरक, लिहून दिलं, आणि लगेच कुणीतरी सल्ला दिला, "ती केमिकलवाली कशाला? आर्मर थायरॉईड घे, नॅचरल आहे." पुण्या-मुंबईत तोच प्रश्न वेगळा वेश घेऊन येतो: जन्मभर गोळी घेण्यापेक्षा आयुर्वेदातलं कांचनार गुग्गुळ चालेल का? या दोन प्रश्नांची गल्लत झाली की सगळा घोळ होतो. आधी अमेरिकेतला घेऊ, कारण तिथे निदान दोन खरी औषधं समोरासमोर आहेत.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो: नव्याने गोळी सुरू करायची असेल तर लेव्होथायरॉक्सिनच घ्यावं.

आर्मर किंवा एनपी थायरॉईड म्हणजे डुकराची थायरॉईड ग्रंथी वाळवून, दळून केलेली गोळी. रंग फिकट तपकिरी, आणि बाटली उघडली की एक उग्र दर्प येतो. शाकाहारी आणि मुस्लिम घरांत पुष्कळदा विषय इथेच संपतो, पण लेबलवर ठळक असं काही नसल्याने बऱ्याच जणांना हे महिनोन्‌महिने ठाऊकच नसतं. लेव्होथायरॉक्सिनमध्ये प्राण्याच्या ग्रंथीचा अंश नाही. मात्र अनेक ब्रँडच्या गोळ्यांत लॅक्टोज असतं, म्हणजे दूध न पचणाऱ्यांनी घटक वाचावेत.

प्राण्याची ग्रंथी वापरणं ही काही अलीकडची टूम नव्हे. १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईला अक्षरशः मरणाच्या दारातून परत आणलं; पुढे ती पंचवीसहून अधिक वर्षं जगली. प्रयोगशाळेत थायरॉक्सिन तयार झालं ते १९२७ साली. म्हणजे कित्येक दशकं ग्रंथीची पूड हेच मुख्य औषध होतं, आणि त्यावर लोकांनी नीट आयुष्यं काढली. ते टाकाऊ आहे असं म्हणण्यात अर्थ नाही.

मग फरक कुठे पडतो? आपली ग्रंथी दोन संप्रेरकं बनवते: मुख्यतः टी-४ (म्हणजेच थायरॉक्सिन) आणि थोडंसं टी-३. टी-४ हा साठा. शरीर गरजेप्रमाणे त्यातून टी-३ करून घेतं आणि प्रत्यक्ष काम टी-३ करतं. कारखान्यातलं टी-४, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आणि ग्रंथीतलं टी-४ यांचा रेणू एकच. पण डुकराच्या ग्रंथीत टी-३ चं प्रमाण माणसाच्या मानाने फार जास्त. एक ग्रेनच्या (ग्रेन हे औषधाचं जुनं माप) गोळीत ३८ मायक्रोग्रॅम टी-४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी-३ असतं, म्हणजे साधारण चारास एक. माणसाची ग्रंथी देते साधारण चौदास एक.

त्यात टी-४ रक्तातून निम्मं व्हायला आठवडाभर लागतो, टी-३ ला जेमतेम एक दिवस. त्यामुळे लेव्होथायरॉक्सिनची पातळी सपाट राहते आणि एखादा दिवस गोळी राहिली तरी आकाश कोसळत नाही. ग्रंथीच्या गोळीनंतर मात्र दोन-चार तासांत टी-३ चढतो. सकाळी आठला गोळी घेतली आणि अकराच्या सुमारास छातीत धडधड, हाताला बारीक कंप, असं कुणी सांगितलं तर ते मनाचे खेळ समजू नका. साठीपुढची माणसं, हृदयविकार असलेले, हाडं ठिसूळ झालेल्या बायका यांच्यासाठी हा चढउतार धोक्याचा. गरोदरपणात तर ग्रंथीची गोळी नकोच: सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या टी-४ वर अवलंबून असते, आणि या गोळीत तेच तुलनेने कमी.

दुसरी अडचण नेमकेपणाची. एनपी थायरॉईडच्या काही बॅचेस २०२० मध्ये आधी जादा ताकदीच्या म्हणून आणि नंतर कमी ताकदीच्या म्हणून परत मागवाव्या लागल्या. ही औषधं जुन्या काळापासून विकली जातात, पण एफडीए या अमेरिकी औषध-नियामक संस्थेची रीतसर मंजुरी त्यांना कधीच मिळालेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एफडीएने उत्पादकांना पत्रं पाठवून तेच बजावलं. उद्या पुरवठा आटला तर काय, हा विचार आज सुरू करणाऱ्याने करायलाच हवा.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. टीएसएच सुरेख येतो आणि तरी थकवा, डोक्यात धुकं, वजन हटत नाही, असे रुग्ण असतात, आणि त्यांना "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून वाटेला लावलं जातं. २०१३ च्या एका अमेरिकी अभ्यासात ७० रुग्णांना आळीपाळीने दोन्ही औषधं दिली, कुठलं कोणतं हे न सांगता. जवळजवळ निम्म्यांनी ग्रंथीची गोळी पसंत केली, लेव्होथायरॉक्सिन एक पंचमांशाहून कमी जणांनी. ग्रंथीच्या गोळीवर वजनही दीडेक किलोने उतरलं. मात्र लक्षणांच्या आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. या निकालावरून दोन्ही बाजूंचे लोक भांडतात. मला त्यातून इतकंच घ्यावंसं वाटतं की पसंती खरी, फायदा धूसर.

अशा माणसाने औषध बदलण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ तपासावं आणि झोपेतल्या घोरण्याकडेही बघावं. आणि गोळी कशी घेतो ते आठवावं. अनशापोटी, नुसत्या पाण्यासोबत, चहाच्या निदान अर्धा-पाऊण तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनी. गोळी गिळून लगेच दुधाचा चहा घेणाऱ्यांचा टीएसएच वर्षानुवर्षं हेलकावे खातो आणि खापर कंपनीवर फुटतं. एवढं करूनही फरक पडत नसेल तर तिसरी वाट आहे: लेव्होथायरॉक्सिनसोबत मोजका कृत्रिम टी-३, एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या (संप्रेरकतज्ज्ञाच्या) नजरेखाली. टी-३ हवाच असेल तर निदान त्याचं प्रमाण आपल्या हातात राहतं.

भारतात ग्रंथीची गोळी सहसा मिळत नाही. इथे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही सगळी लेव्होथायरॉक्सिनच, आणि खर्चही किरकोळ. "नैसर्गिक" म्हणून समोर येतं ते कांचनार गुग्गुळ किंवा अश्वगंधा. कांचनार गुग्गुळ गलगंडाच्या संदर्भात जुनं आहे, पण त्यात थायरॉईडचं संप्रेरक नाही. हाशिमोटोने (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते तो आजार) ग्रंथी निकामी केलेली असेल, किंवा शस्त्रक्रियेत काढलेली असेल, तर बाहेरून संप्रेरक देण्यावाचून दुसरा इलाज नाही. अश्वगंधेने संप्रेरकाची पातळी वर ढकलली जाऊ शकते, यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणं आहेत. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. समुद्री शेवाळाच्या आयोडीन कॅप्सूल तर हाशिमोटोत उलट त्रास वाढवू शकतात.

आणि जे वर्षानुवर्षं आर्मरवर आहेत, टीएसएच जागेवर आहे, धडधड नाही, त्यांनी हे वाचून गोळी उद्यापासून बंद करू नये. पुढच्या भेटीत बदलाचा विषय काढावा. बदल केलाच तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. त्याआधीचा आकडा दिशाभूल करतो. केस-नखांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तपासणीच्या दोन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडे चुकीचे येऊ शकतात.