ड्युअल-ॲक्शन की रोटरी: घरच्या गाडीसाठी कोणतं पॉलिशर?

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजारच्या गल्ल्यांत गाडी उघड्यावरच उभी असते. धूळ बसते, कोरड्या फडक्याने पुसली जाते आणि उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे चमकतात. ते मुळातून काढायला पॉलिश घासणारं मशीन, म्हणजे पॉलिशरच बरं. ते रोटरी घ्यायचं की ड्युअल-ॲक्शन, एवढाच प्रश्न.

रोटरीचं पॅड, म्हणजे रंगावर घासणारी मऊ गादी, एकाच अक्षाभोवती सक्तीने फिरतं. खोल ओरखडा झपाट्याने कापला जातो, पण उष्णताही एकाच जागी साठते. वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. दरवाज्याच्या कडेवर हात रेंगाळला तर खालचा रंग उघडा पडतो, मग पुन्हा रंगकामाशिवाय इलाज नाही. होलोग्राम, म्हणजे उन्हात दिसणारे मशीनच्या फिरण्याचे चमकते पट्टे, उरतात ते वेगळेच.

ड्युअल-ॲक्शनचं पॅड फिरता फिरता डोलतंही. हा डोलण्याचा घेर बहुतेकदा 15 किंवा 21 मिलिमीटरचा. जास्त दाबलं की फिरणं थांबून नुसती थरथर उरते. काम हळू होतं खरं, पण नवख्याचं संरक्षण त्यातच आहे. बॅकिंग प्लेटवर, म्हणजे पॅड जिला चिकटतं त्या चकतीवर, मार्करने रेघ मारा. ती फिरताना दिसली पाहिजे. वळणदार बंपरवर पॅड अडतं, तिथे लहान पॅड घ्या.

मी निःशंक ड्युअल-ॲक्शनच सांगेन. गाडी धुऊन, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवून, आधी मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश हातभर जागेवर करून पाहा. ओरखडे राहिले तरच कम्पाउंड, म्हणजे जास्त कापणारं खरखरीत पॉलिश. मे महिन्यात हे सकाळी, सावलीतच करा, तापल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं. नखाला अडकणारा ओरखडा मात्र रंगाऱ्याकडेच न्या.