प्रोबायोटिक स्ट्रेन सुधारायचा: निवडीने की जनुक बदलून?

प्रोबायोटिक म्हणजे खाल्ल्यावर शरीराला फायदा देणारा जिवाणू, आणि स्ट्रेन म्हणजे त्याचा एक ठरावीक वाण. पोटातलं आम्ल आणि पित्त यांतून हा जिवाणू जिवंत सुटला, तरच पुढच्या गोष्टी. त्यासाठी जुना मार्ग निवडीचा. लॅक्टोबॅसिलस (एक नेहमीचा प्रोबायोटिक जिवाणू) थोड्या पित्तक्षारात वाढवायचा, तगलेल्या पेशी उचलायच्या, पित्त आणखी वाढवायचं, पुन्हा तेच. बाहेरचं जनुक येत नाही, म्हणून मंजुरीची कटकट सहसा कमी. पण पित्त सोसणाऱ्या स्ट्रेनची आतड्याला चिकटण्याची ताकद घटलेली असू शकते. ती तपासल्याशिवाय भरवसा नको.

जनुक अभियांत्रिकीचा पल्ला लांबचा. लॅक्टोकॉकस लॅक्टिस या जिवाणूमध्ये मानवी इंटरल्युकिन-१० चं जनुक घातलं, तर तो आतड्यातच दाह शमवणारं प्रथिन सोडतो. खरी हुशारी जागा निवडण्यात आहे: हे जनुक थायमिडीन (डीएनएसाठी लागणारा घटक) बनवायला लागणाऱ्या जनुकाच्याच जागी बसवलं. थायमिडीन संपलं की जिवाणू मरतो, बाहेर पसरत नाही. क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या मोजक्या रुग्णांवरची चाचणी २००६ मध्ये प्रसिद्धही झाली.

रोज खायच्या पदार्थात मी निवडीचाच स्ट्रेन घेईन. प्रतिकारशक्तीला नेमका एक रेणू पोचवायचा असेल, तर मात्र निवडीच्या हाती फारसं काही नाही.