धक्का जाणवला, नोंद कुठे पाहायची?

हिंगोली, कोयना किंवा डहाणू भागातला छोटा धक्का असेल, तर आधी राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र उघडा. संकेतस्थळ किंवा त्यांचं ‘भूकंप’ (BhooKamp) ॲप. त्यांची भूकंपमापक केंद्रं देशात पसरलेली असल्याने ३ तीव्रतेच्या आसपासचे धक्केही तिथे सापडतात, आणि वेळ भारतीय असते. यादीत लगेच दिसलं नाही तर १५-२० मिनिटांनी पुन्हा पाहा.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचा, म्हणजे यूएसजीएसचा नकाशा जास्त सोयीचा, पण इथल्या छोट्या धक्क्यांसाठी बिनकामाचा. अमेरिकेबाहेर त्यांचा भर साधारण ४.५ आणि त्यावरच्या भूकंपांवर असतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत जे सत्र सुरू झालं, त्यातले बहुतेक धक्के याहून लहानच होते. तेव्हा यूएसजीएसची यादी रिकामी दिसली म्हणून ‘भूकंप झालाच नाही’ असं ठरवू नका. जुने मोठे भूकंप शोधायला मात्र हेच बरं. कॅटलॉगच्या शोधात वर्तुळ निवडा, कोयनेसाठी अक्षांश १७.४, रेखांश ७३.७५, त्रिज्या ५० किमी टाका आणि सुरुवातीची तारीख १ डिसेंबर १९६७ ठेवा. ११ डिसेंबरचा विनाशकारी भूकंप मिळेल. तारीख बदलायची राहिली तर फक्त अलीकडचेच दिवस शोधले जातात.

खिडक्या वाजल्या, पण भूकंप की खाणीतला सुरुंग? अशा वेळी युरोपातल्या ईएमएससी या भूकंप संस्थेचं ‘लास्टक्वेक’ ॲप उपयोगी. लोकांनी कळवलेले अनुभव आणि संकेतस्थळावर अचानक वाढलेली गर्दी यांवरून ते यंत्रांच्या नोंदीआधीच खूण देऊ शकतं. जिथे ते वापरणारेच थोडे, तिथे ते गप्प राहतं. शिवाय सुरुंगाने घर हादरलं तरी लोक कळवतातच, म्हणून यंत्राची नोंद येईपर्यंत खात्री धरू नये.

अँड्रॉइडचा भूकंप इशारा या तुलनेत बसत नाही. तो ४.५ व त्यावरच्या भूकंपांसाठी आहे, आणि लोकेशन व इंटरनेट चालू हवं.

दोन ठिकाणी तीव्रता ०.२-०.३ ने वेगळी दिसली तर गोंधळू नका: केंद्रं वेगळी, मोजण्याची पद्धत वेगळी. पहिला आकडा बहुधा संगणकाने काढलेला असतो, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर बदलतो. खोली नेमकी ‘१० किमी’ असेल तर ती अनेकदा गृहीत धरलेली असते, कारण जवळ भूकंपमापक केंद्र नसेल तर खोली नीट काढता येत नाही.

आणि वेळ बघा. परदेशी नोंद यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर ५ तास ३० मिनिटं मिळवा. आपल्याकडे पहाटे ३ ला बसलेला धक्का तिथे आदल्या तारखेला रात्री ९.३० चा दिसतो.