थरांचे कपडे: रंगवलेले, हाडांवर बांधलेले की पिंजऱ्यात गुंडाळलेले?

आभासी जगातल्या अवतारांसाठी कपडे घडवायला निघालेला माणूस सहसा पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतो. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट ठरवायला हवी: आपल्या कपड्याच्या आत किंवा वर जो दुसरा कपडा येणार, तो आपणच केलेला असेल, की ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही अशा कोणी केलेला असेल? रंगवलेला थर, हाडांवर बांधलेली मेश (म्हणजे लहान त्रिकोणांनी घडलेला त्रिमितीय आकार) आणि पिंजऱ्यात गुंडाळलेली मेश या तीन पद्धतींतली निवड बरीचशी या उत्तरावरच अवलंबून आहे.

रंगवलेला थर सर्वांत जुना. २००३ साली सुरू झालेल्या सेकंड लाइफ या आभासी जगात आतले कपडे, शर्ट, पँट आणि जॅकेट ही शरीराच्या त्वचेवर एकावर एक चढणारी चित्रेच होती. प्रणाली ती एकत्र करून एकच टेक्स्चर, म्हणजे अंगावर चढवायचे चित्र, तयार करीत असे. २०१९ मध्ये आलेल्या ‘बेक्स ऑन मेश’ या सुविधेमुळे हाच मार्ग मेशच्या शरीरांनाही खुला झाला. रोब्लॉक्स या खेळांच्या मंचावरचे जुने शर्ट-पँट याच जातीचे, फक्त तिथे ५८५ × ५५९ पिक्सेलचा ठरलेला साचा भरावा लागतो. या पद्धतीत आतला कपडा बाहेर डोकावत नाही, कारण कपड्याला जाडीच नसते. पण म्हणूनच कॉलरची उंची, खिशाची सावली, चुणीचा उठाव हे सगळे रंगाने भासवावे लागते. कस लागतो तो काखेखालच्या आणि कमरेच्या बाजूच्या जोडावर, जिथे पुढचा पट्टा आणि मागचा पट्टा चित्रात दूर असले तरी अंगावर शेजारी येतात. चित्रकलेचा हात असणाऱ्याने आणि मोजे, पोहण्याचे कपडे, अंगाला चिकटून बसणारे बनियन करू इच्छिणाऱ्याने इथून पुढे जाण्याची घाई करू नये.

हाडांवर बांधलेल्या मेशला खरी जाडी आणि खरा काठ मिळतो. कपड्याचा प्रत्येक बिंदू अवताराच्या आतल्या सांगाड्यातल्या जास्तीत जास्त चार हाडांशी वजनाने, म्हणजे कोणते हाड त्याला किती ओढेल या प्रमाणाने, बांधला जातो, आणि सेकंड लाइफमध्ये २०१४ साली आलेल्या फिटेड मेशमुळे शरीराचा आकार बदलणारे स्लायडर हलवले की कपडाही त्याबरोबर बदलू लागला. मात्र प्रत्येक शरीराची घडण वेगळी असल्यामुळे एकाच जॅकेटच्या अनेक आवृत्त्या कराव्या लागतात, आणि कपड्याखालचे अंग ते पारदर्शक करणाऱ्या मास्कने लपवले तरी खालचा शर्ट लपतोच असे नाही. कोपर वाकवला की दोन बाह्यांची वजने किंचित वेगळी पडतात आणि आतल्या बाहीचा एक त्रिकोण जॅकेटमधून टोचल्यासारखा बाहेर येतो. तो एकदा दिसला की नजर तिथून हटत नाही. त्यामुळे अनुभवी कारागीर जॅकेटच्या उघड्या गळ्यातून दिसणारा शर्टाचा तुकडा जॅकेटलाच जोडून देतात. ही फसवणूक प्रामाणिक आहे, पण तिला थर म्हणता येत नाही.

तिसरी पद्धत रोब्लॉक्सने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. त्यात प्रत्येक कपड्याला दोन अदृश्य पिंजरे, म्हणजे शरीराच्या आकाराच्या बिंदूंच्या जाळ्या, असतात. आतला पिंजरा कपडा कोणत्या पृष्ठभागावर बसतो ते सांगतो, तर बाहेरचा पुढच्या कपड्याला ‘आता शरीराची हद्द इथवर आहे’ असे सांगतो. त्यामुळे अनोळखी माणसाचे जॅकेटही तुमच्या जाड स्वेटरवर फुगून बसते, आणि उंच, बुटक्या, चौकोनी अवतारांवरही कपडा आपोआप ताणला जातो. किंमत शिस्तीत मोजावी लागते: पिंजऱ्याचे बिंदू हलवता येतात, पण पुसता किंवा वाढवता येत नाहीत, त्याचा यूव्ही, म्हणजे पृष्ठभाग सपाट उलगडल्याचा नकाशा, बदलता येत नाही, आणि एका कपड्याला ४,००० त्रिकोणांची मर्यादा असते. माझ्या पहिल्या हूडीत मी टोपीमागचे बिंदू ‘नको असलेले’ समजून पुसले होते; त्यानंतर तिच्यावर कोणताही कोट चढवला की मानेपाशी तो पिळल्यासारखा वाकडा होई, आणि दोष वजनांचा असेल असे समजून मी दोन संध्याकाळी वाया घालवल्या. बाहेरचा पिंजरा कपड्यापासून फार दूर ओढला तर वरचा कोट उशीसारखा दिसतो, फार जवळ ठेवला तर स्वेटर डोकावतो.

म्हणून जॅकेट, स्वेटर, हूडी, मफलर अशा इतरांच्या कपड्यांत मिसळणाऱ्या वस्तूंसाठी मी पिंजऱ्याची पद्धत निःसंकोच सुचवेन, मात्र नमुना तपासताना पातळ शर्ट, जाड स्वेटर आणि चौकोनी धड या तिन्हींवर, हात वर केलेल्या अवस्थेत तो पाहावा. घेरदार झग्याबाबत माझे मत उलट आहे. पिंजऱ्याला दोन पाय वेगवेगळे असतात, झग्याचा घेर मात्र एकच असतो, आणि वर घातलेल्या लांब कोटाचा काठ त्या दोन पायांच्या मधल्या पोकळीत खचतो. तो झगा कोणत्या शरीरासाठी आहे हे ठाऊक असेल, तर हाडांवर बांधलेली मेश अजूनही उजवी ठरते.